नववीच्या वर्गात चीन : शनिवारच्या तासांच्या नोंदी

८ जून २०२४

शाळा पुढच्या आठवड्यात उघडेल. मुख्याध्यापकबाईंनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरचा दीड तास दिलाय. नववीतली नावं दिलेली मुलं ३१ : १७ मुली, १४ मुलगे. विषय आधुनिक चीनचा इतिहास आणि विचार, अफूच्या युद्धापासून आजपर्यंत.

हे का, असं स्टाफरूममध्ये तिघांनी विचारलं. आमच्या मुलांना चीन भेटतो तो शेजारी देशांच्या धड्यात, पंचशील आणि १९६२ यांच्या मधल्या दोन परिच्छेदांत. सीबीएसईच्या अकरावीच्या जागतिक इतिहासात चीन-जपानवर निदान एक प्रकरण आहे. आमच्याकडे तेही नाही. आणि जिल्हा सोलापूर असून चीनमध्ये युद्धात रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं नाव मुलांनी ऐकलंय ते फक्त रस्त्याच्या पाटीवर.

सोळा शनिवारांचा आराखडा केलाय. वहीच्या मागच्या पानावर खर्च लिहीत जाणार आहे. कोणाला असा वर्ग घ्यायचा असेल तर या नोंदी उपयोगी पडाव्यात, म्हणून चुकाही जशाच्या तशा ठेवते.

२२ जून

पहिला तास वाया गेला. फळ्यावर राजवंशांची यादी लिहिली : शांग, चौ, छिन, हान, खाली खाली छिंगपर्यंत. पार्श्वभूमी नको का, असा माझा विचार. वीस मिनिटांत मागचे दोन बाक पेंगायला लागले. एकाने विचारलं, "बाई, यातलं परीक्षेला किती?" काहीच नाही म्हटल्यावर त्याने पेन खिशात ठेवलं.

पार्श्वभूमी काढून टाकली. छिंग म्हणजे मांचू लोकांचं राज्य, १६४४ ते १९१२, एवढं एक वाक्य पुरतं.

२९ जून

आज दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली, नकाशा. आंतरजालावरून चीनचा मोठा नकाशा उतरवून सहा बाय चारचा फ्लेक्स छापून आणला होता. भिंतीवर लावल्यावर भूगोलाच्या सरांनी नुसतं बोट ठेवलं : अक्साई चीन. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी सीमा शाळेत लावता येत नाही. छापायला देताना माझं लक्ष किनाऱ्यावरच्या बंदरांकडे होतं, पश्चिमेकडे बघितलंच नाही. फ्लेक्स गुंडाळून कपाटावर टाकला, ४८० रुपये गेले.

यावर उपाय चित्रकलेच्या सरांनी काढला. चीनची राजकीय सीमा आम्हाला बहुतेक तासांना लागतच नाही. लागतात त्या नद्या, पूर्व किनारा आणि दहा-बारा शहरं. मुलांनी कार्डशीटवर पिवळी नदी आणि यांगत्से काढल्या, किनारा काढला, त्यावर कँटन, शांघाय, नानजिंग, बीजिंग, वूहान, येनान. पश्चिमेची बाजू कोरी ठेवली. बारा कार्डशीटांचे १२० रुपये झाले आणि फ्लेक्सपेक्षा हे नकाशे बरे निघाले, कारण नदी स्वतः काढलेल्या मुलाला वूहान कुठे आहे ते परत विचारावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, नावं. मुलांना वाचायला दिलेल्या एका कागदावर राष्ट्रवादी नेता चँग कै-शेक होता, दुसऱ्यावर त्याचंच नाव जियांग जिएशी असं. अर्ध्या वर्गाने हे दोन माणसं धरून दोघांचं भांडण लावलं. सन यत-सेन आणि सन चोंगशान यांचंही तेच. इंग्रजीत चिनी नावं लिहायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि १९५८ नंतरची चीनची स्वतःची, आणि मराठीत आपण दोन्हींवरून अक्षरं उचलली.

घरी बसून तक्ता केला. करताना मजा वाटली. चिनी भाषेत प-फ, त-थ, च-छ हा भेद जिवावरचा आहे, आणि तो मराठी जिभेला फुकट येतो. नव्या लिपीतला 'डी' प्रत्यक्षात त आहे, 'क्यू' म्हणजे छ, 'एक्स' म्हणजे श. चमच्यातला च आणि चहातला च हा फरकही तिथे आहे. माओच्या नावात आहे तो चमच्यातला. म्हणजे आजोबांच्या पिढीचं 'माओ त्से तुंग' हे आजच्या 'झेडोंग'पेक्षा कानाला जास्त जवळचं. 'चौ एन-लाय'चंही तसंच. नियम असा ठेवला : गावांची नावं वर्तमानपत्रात येतात तशी, माणसांची उच्चाराला जवळची, आणि प्रत्येक नावाचं एकच रूप. हा तक्ता पहिल्या दिवशी द्यायला हवा होता. (चहा हा शब्द तिकडूनच आला हे सांगितल्यावर वर्ग जागा झाला. राजवंशांऐवजी इथून सुरुवात करा.)

६ जुलै

अफूचा तास. चांगला झाला असं आज वाटतंय.

मुलांना सुरुवातीला प्रश्न दिला : इंग्रजांना चहा हवा, चिन्यांना इंग्रजांचं काहीच नको, मग चहाचे पैसे कशात द्यायचे? चांदीत. चांदी संपायला लागली तर? एक मुलगी म्हणाली, "त्यांना कशाची तरी सवय लावायची." तिथून पुढे मला फार बोलावं लागलं नाही. बंगाल-बिहारकडची अफू कंपनीच्या मक्त्याची, माळव्याची अफू मुंबई बंदरातून. जमशेटजी जीजीभाय यांची चीनच्या व्यापारातली कमाई, त्यात अफू, आणि त्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय. आमच्याकडच्या दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी जे. जे.ला जाऊन आलेलं असतं. वर्ग गप्प झाला. मग, "म्हणजे आपण पण त्यात होतो की ओ, बाई?"

उत्तर घाईने देऊ नये. मी "व्यापारी होते" म्हटलं. लगेच प्रश्न आला, "आणि माळव्यातले शेतकरी?" त्यावर पंधरा मिनिटं गेली.

पुढे १८३९ : अधिकारी लिन त्सश्यू कँटनला येतो, वीस हजारांवर पेट्या जप्त करतो, आणि हूमनच्या किनाऱ्यावर अफूची होळी करतो. मग युद्ध. १८४२ चा नानजिंगचा तह, पाच बंदरं खुली, हाँगकाँग इंग्रजांकडे, वर दोन कोटी दहा लाख चांदीच्या डॉलरची भरपाई.

२० जुलै

१३ तारखेचा तास आषाढीत बुडाला. निम्मी मुलं वारीत, उरलेली पंढरपूरच्या पाहुण्यांत.

आधी चूक दुरुस्त केली. गेल्या तासाला मी 'अफूची होळी' म्हणाले, मुलांनी वहीत ज्वाळा काढल्या, एकाने तर भोवती बोंब मारणारे लोकही काढले. अफू जाळलीच नव्हती. किनाऱ्यावर खड्डे खणून त्यांत पाणी, मीठ आणि चुना घातला, त्यात अफू विरघळवली आणि भरती-ओहोटीबरोबर समुद्रात सोडून दिली. ३ जूनपासून तेवीस दिवस हे काम चाललं. जाळली असती तर जमिनीत मुरलेला अर्क लोकांनी खरवडून नेला असता.

मग 'होळी' माझ्या तोंडात आली कुठून? १९०५ ची पुण्यातली विदेशी कपड्यांची होळी दरवर्षी शिकवते, तिथून. आपल्याकडचा साचा आपोआप बसला. मुलांना हे उघड सांगितलं आणि आधीचं चित्र खोडायला लावलं. तेवीस दिवस चुना कालवणारे मजूर हे चित्र होळीपेक्षा कमी देखणं आहे, पण लिन हा हिशेबी अधिकारी होता हे त्यातूनच कळतं.

आजचा मुख्य विषय परीक्षा. चीनची सरकारी नोकरीची परीक्षा, हजारहून अधिक वर्षं चाललेली, कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ग्रंथांवर. हे समजावताना एक मिनिटही लागलं नाही. प्रत्येक गल्लीत एमपीएससी करणारा एक दादा आहेच. होंग श्यौछ्वान चार वेळा नापास झाला, आजारात त्याला दृष्टान्त झाले, आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत असं त्याने ठरवलं आणि १८५० पासून चौदा वर्षं चाललेल्या ताइपिंग बंडात सुमारे २ कोटी माणसं गेली. "नापास झाला म्हणून?" नाही, फक्त म्हणून नाही. जमीन, दुष्काळ, कर, मांचूंवरचा राग. पण मुलांना धागा मिळाला.

१९०५ ला ही परीक्षाच रद्द झाली. सगळ्यात चांगला प्रश्न इथे आला, पहिल्या बाकावरून : "मग त्या वर्षी अभ्यास करत बसलेल्यांचं काय झालं?" काही नव्या शाळांत गेले, काही जपानला, काही नव्या फौजेत. आणि पुढच्या सहा वर्षांत राजवट गेली. हा प्रश्न मी पुढच्या वर्षी स्वतःच विचारणार आहे.

३ ऑगस्ट

विचारांचा पहिला तास. कन्फ्यूशियसच्या परंपरेतली पाच नाती फळ्यावर : राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, मित्र-मित्र. विचारलं, यात बरोबरीचं नातं कोणतं? शेवटचं, सगळ्यांना दिसलं. मग एका मुलीने विचारलं, "आई-मुलगी कुठंय?" मी फळ्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं वाचतेय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कन्फ्यूशियस म्हणजे फक्त आज्ञाधारकपणा असं होऊ नये म्हणून दुसरी बाजूही दिली : राजाने राजासारखं वागावं, बापाने बापासारखं, हेही त्याच परंपरेतलं. राजा तसा वागला नाही तर स्वर्गाची मान्यता जाते, हे नंतरचा विचारवंत मेन्शियस याने पुढे नेलं.

यानंतर लेखक लू शुनची 'वेड्याची रोजनिशी' ही कथा, १९१८. मी चार पानी मराठी सारांश करून गेल्या शनिवारी घरी वाचायला दिला होता. वाचून आले सहा जण. झेरॉक्सचे पैसे पाण्यात. पुढचं पान मी स्वतः वर्गात मोठ्याने वाचलं, बारा मिनिटं, आणि सगळं काम झालं. इतिहासाच्या पुस्तकात प्रत्येक पानावर 'सदाचार' लिहिलंय आणि ओळींच्या मधे त्या वेड्याला दिसतं, 'माणसं खा'. मुलांचा एकच प्रश्न : तो खरंच वेडा होता का? यावर त्यांना भांडू दिलं.

१० ऑगस्ट

आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला तास, आणि माझी तयारी सगळ्यात कमी.

लू शुन जपानात डॉक्टरकी शिकत होता. वर्गात दाखवलेल्या एका चित्रात रशियाचा हेर ठरवलेल्या चिनी माणसाचा शिरच्छेद होणार आहे आणि भोवती धडधाकट चिनी लोक नुसते बघतायत. १९०६ ला त्याने डॉक्टरकी सोडली. शरीर बरं करून काय उपयोग, असं त्याला वाटलं. नंतर मित्र लिहायला सांगतो तेव्हा तो म्हणतो : समजा एक लोखंडी घर आहे, खिडकी नाही, आत सगळे झोपलेत आणि झोपेतच गुदमरून मरणार आहेत. तू ओरडून थोड्यांना जागं केलंस तर त्यांना जागेपणी मरण येईल. हे बरं का? मित्र म्हणतो, पण थोडे जागे झाले तर घर मोडायची आशा नाही असं म्हणता येणार नाही.

एवढं सांगून बसले. उठवायचं की नाही? हात वर : १९ उठवा, १२ नको. 'नको'वाल्यांत एक मुलगी ठाम होती. तिच्या आजीला कॅन्सर झाल्याचं घरात कोणी आजीला सांगितलेलं नाही. तिने ते सांगितल्यावर समोरच्या बाजूचे दोघे चटकन गप्प झाले, एकाने मत बदललं. मी मधे पडले नाही. दीड तासाचे सव्वादोन झाले, एका मुलाची एसटी चुकली, त्याला मी स्कूटीवरून सोडलं.

३१ ऑगस्ट

२४ तारखेला १९११ ते १९४९ एका तासात उरकलं. तो मूर्खपणा होता. वूचांगचा उठाव, राजवटीचा अंत, सुभेदार सेनापतींची वाटमारी, १९२१ ला कम्युनिस्ट पक्ष, १९२७ ची शांघायची कत्तल, लाँग मार्च, जपान. हे सगळं आगगाडीच्या खिडकीतून दिसावं तसं गेलं. याला किमान तीन शनिवार द्या.

आज छोटी चाचणी घेतली. प्रश्न : ४ मे १९१९ च्या चळवळीतल्या विचारवंतांना काय हवं होतं? पार्श्वभूमी शिकवली होती : पहिलं महायुद्ध संपलं, शांतुंगमधले जर्मनीचे हक्क चीनला परत मिळायचे ते व्हर्सायला जपानला दिले, बीजिंगचे तीन हजारांवर विद्यार्थी तियानमेनसमोर जमले. त्याआधीची चार वर्षं छन तूश्यौचं 'नवतारुण्य' मासिक 'विज्ञान' आणि 'लोकशाही' या दोन महाशयांना आमंत्रण देत होतं.

३१ पैकी २३ उत्तरांत एकच वाक्य : "छन तूश्यौ म्हणजे चीनचे आगरकर."

दोष माझा. समजावं म्हणून आगरकर-टिळक वाद मीच आणला होता, आधी समाजसुधारणा की आधी स्वातंत्र्य. तो वाद मुलांना आठवीपासून पाठ आहे, म्हणून चिनी वाद त्यांनी त्यात घडी घालून ठेवून दिला आणि विचार करायचं थांबवलं. होळीचं जे झालं तेच, फक्त या वेळी साचा मी हाताने दिला.

त्याच तासाला चाचणी परत, या अटीवर : तुलना केलीत तर लगेच खाली दोन फरक लिहायचे. नाहीतर गुण नाहीत. त्यातून निघालेलं : आगरकर परक्या सरकारच्या राज्यात लिहीत होते, चीनमध्ये १९१२ पासून नावाला का होईना प्रजासत्ताक होतं. आगरकर १८९५ ला गेले, छन तूश्यौ १९२१ ला पक्ष काढतो आणि पुढे त्या पक्षातूनच हाकलला जातो. आणि एकाने लिहिलं, "आगरकरांनी लिहिण्याची भाषा बदलली नाही." हे उत्तम. जुन्या ग्रांथिक चिनीऐवजी बोलीत लिहायचं हा विचारवंत हू शी आणि मंडळींचा १९१७ पासूनचा आग्रह, १९२० ला प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांची पुस्तकंही बोलीत करण्याचा हुकूम निघाला. "ज्ञानेश्वरांसारखं?" असं कोणीतरी म्हणालंच. म्हटलं, चालेल, दोन फरक लिही.

२१ सप्टेंबर

७ ला गणेश चतुर्थी, १४ ला विसर्जनाची तयारी. दोन शनिवार गेले.

मधल्या काळात एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. फौजेतून निवृत्त, लडाखमध्ये काढलेली दोन वर्षं. स्वर शांत होता. "बाई, चीन शिकवताय ते ठीक. पण कोणाच्या बाजूनं?" मी काहीतरी लांबलचक उत्तर दिलं, ते मलाच पटलं नाही. खरं म्हणजे १९६२ मी शेवटच्या तासासाठी ठेवलं होतं, वादाचा विषय म्हणून मागे ढकललं होतं. मुलं पहिल्या दिवसापासून त्याचीच वाट बघत होती. गलवान त्यांच्या आठवणीत आहे, मोबाईलमधली अ‍ॅप बंद झाली तेही.

म्हणून आज क्रम मोडून १९६२ घेतलं आणि त्या वडिलांनाच बोलावलं. त्यांनी राजकारणाबद्दल एक शब्द काढला नाही. चौदा हजार फुटांवर चालताना श्वास कसा लागतो, रॉकेलची शेगडी कशी पेटत नाही, बूट ओले झाले तर काय होतं. मग मी तारखा दिल्या : १९५४ चा पंचशील करार, अक्साई चीनमधला रस्ता, १९५९ ला दलाई लामा भारतात, २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला, २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी. एका मुलाने वडिलांना विचारलं, "काका, तुम्हाला चिनी शिपाई दिसला का कधी?" "दिसायचा की. दुर्बिणीतून. तोही हात चोळत बसलेला असायचा."

हा तास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच घ्या. मनात अडकलेला प्रश्न बाहेर आल्याशिवाय मुलं बाकीचं ऐकत नाहीत.

५ ऑक्टोबर

१९५८ ते १९६२, 'मोठी झेप' : शेती आणि उद्योग एकदम वाढवायची माओची मोहीम, जिच्यातून मोठा दुष्काळ पडला. आकडे सांगून हे कळत नाही म्हणून खेळ केला.

पाच गट, पाच गावं. प्रत्येकाला वाटीत शंभर हरभरे. पीक किती आलं ते चिठ्ठीवर लिहून फळ्यावर सांगायचं. सगळ्यात मोठा आकडा सांगणाऱ्याला लाल झेंडा. सांगितलेल्या आकड्याचा तिसरा हिस्सा सरकारला. गावाला जगायला साठ हरभरे लागतात. पहिल्या फेरीत १००, १२०, १५० असे आकडे आले. झेंडा दिल्यावर दुसऱ्या फेरीत १८०, ३००, एका गटाने ४००. मग मी वाटी घेऊन वसुलीला निघाले. ३०० वाल्यांकडे काही उरलं नाही. ४०० वाल्यांकडून घ्यायचे १३३, होते १००.

खेळ यंत्रासारखा बरोबर चालला आणि तास फसला. सगळे हसत होते. झेंडेवाल्या गटाने टाळ्या पिटल्या, एकाने हरभरे तोंडात टाकले. घंटा झाली आणि जेवायला पळाले. भूक हा विनोद झाला होता.

घरी गेल्यावर लक्षात आलं की खोटा आकडा देण्यामागची भीती मी खेळात आणलीच नव्हती, नुसतं बक्षीस आणलं होतं. लूशानच्या बैठकीत १९५९ ला फंग तहुआयने, म्हणजे खुद्द संरक्षणमंत्र्याने, माओला पत्र लिहून अडचणी सांगितल्या आणि पद गमावलं, हे आधी सांगायला हवं होतं.

१९ ऑक्टोबर

१२ ला दसरा. आज तोच खेळ परत, दीड किलो हरभऱ्यांतले उरलेले घेऊन. बदल तीन. आधी फंग तहुआयची गोष्ट. खरा आकडा सांगणाऱ्या गटाचा प्रमुख बदलायचा आणि त्याने भिंतीशी उभं राहायचं. वसुलीनंतर रिकामी वाटी तास संपेपर्यंत बाकावर ठेवायची, आणि बोलताना तिच्याकडे बघूनच बोलायचं. एका गटाने दोनदा खरं सांगितलं, दोन प्रमुख भिंतीशी गेले, तिसऱ्या मुलीने १८० लिहिलं. "काय करू, बाई, सगळे बघत होते." यावर बोलणं झालं.

मग आकडे. या दुष्काळात किती गेले? अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत. "मग खरा कोणता?" एवढा फरक का पडतो ते शिकवलं : न झालेले जन्म धरायचे का, स्थानिक दप्तरं किती विश्वासाची, जनगणनेचे आकडे १९८० च्या दशकापर्यंत बाहेरच्यांना मिळाले नव्हते.

"बहात्तरच्या दुष्काळासारखं," असं कोणीतरी म्हणणार हे ठाऊक होतं. आमच्या भागात आजीआजोबा अजून मिलोची भाकरी आणि सुकडी काढतात. आता मुलं स्वतःच म्हणाली, दोन फरक. आपल्याकडे पाऊस गेला होता, तिथे मुख्य दोष धोरणाचा आणि खोट्या आकड्यांचा. आपल्याकडे वर्तमानपत्रं ओरडत होती, खडी फोडायची कामं निघाली. तिथे त्याच काळात धान्याची निर्यात चालू होती.

सांस्कृतिक क्रांतीसाठी, म्हणजे १९६६ पासून माओने तरुणांना शिक्षक-अधिकाऱ्यांवर सोडलं त्या मोहिमेसाठी, मी एक नाट्यप्रवेश लिहिला होता, शिक्षकाला अपमानाची टोपी घालून उभं करायचा. तो फाडला. भिंतीशी उभ्या राहिलेल्या दोघांपैकी एकाचा चेहरा आज बघितला, तो खेळातही लाल झाला होता. चौदा वर्षांच्या पोरांना एकमेकांचा अपमान करायचा सराव द्यायचं कारण नाही.

त्याऐवजी वयाची शिडी. १ ऑक्टोबर १९४९ ला, म्हणजे कम्युनिस्ट चीनची घोषणा झाली त्याच दिवशी, जन्मलेली एक मुलगी. मोठ्या दुष्काळात ती दहा-अकराची. १९६६ च्या उन्हाळ्यात सोळाची, शाळा बंद, हाताला माओच्या रेड गार्डची लाल पट्टी. डिसेंबर १९६८ ला एकोणीसची, माओच्या आदेशाने खेड्यात. अशी शहरी मुलं पुढे दीड कोटीहून जास्त झाली. माओ मरतो तेव्हा सव्वीसची. डिसेंबर १९७७ ला विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दहा वर्षांनी परत सुरू होते तेव्हा अठ्ठावीसची, ५७ लाख बसतात, सुमारे २ लाख ७० हजारांना जागा. एकच मूल हे धोरण येतं तेव्हा ती तिशीची. मुलांनी तिचं लग्न कधी लावायचं, परीक्षेत पास करायचं का, यावर तावातावाने भांडण केलं. सनावळी पाठ करून घ्यावी लागली नाही.

३० नोव्हेंबर

दिवाळी, मग निवडणूक. विधानसभेच्या ड्युटीचं प्रशिक्षण आणि मतमोजणी यात नोव्हेंबर गेला. सोळापैकी पाच शनिवार आता बुडालेत. १९७८ नंतरचं, म्हणजे माओनंतरचा नेता तंग श्याओफिंग (वर्तमानपत्रातला डेंग झियाओपिंग), आन्ह्वे प्रांतातल्या श्याओकांग गावच्या अठरा शेतकऱ्यांचा चोरून केलेला जमीनवाटपाचा करार, शेनझेनचं खुलं आर्थिक क्षेत्र, २००१ ला जागतिक व्यापार संघटना, हे सगळं एका पानात दिलं.

१९८९ च्या तियानमेन आंदोलनासाठी मात्र पूर्ण तास ठेवला, आणि तयारी करताना जे हाती लागलं ते जूनमध्ये लागायला हवं होतं. तियानमेन चौकात लोकवीरांचं स्मारक आहे, १९५८ चं. त्याच्या चौथऱ्यावर आठ प्रसंग कोरलेत : हूमनची अफू, ताइपिंगचा उठाव, १९११ चं वूचांग, ४ मे १९१९, ३० मे १९२५ ची चळवळ, १९२७ चा नानछांगचा उठाव, जपानविरुद्धचा गनिमी लढा, आणि १९४९ ला यांगत्से ओलांडणारी फौज. माझा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम दगडात तयार होता. या आठांवरून सुरुवात केली असती तर २४ ऑगस्टची घाई झाली नसती.

१९८९ ला सुधारणावादी नेता हू याओपांगच्या मृत्यूनंतर विद्यार्थी याच स्मारकाभोवती जमले. ४ मे ला १९१९ च्या चळवळीचा सत्तरावा वाढदिवस म्हणून त्यांनी मोर्चा काढला. २० मे ला लष्करी कायदा. ३ जूनच्या रात्री फौज शहरात शिरली, रस्त्यांवर गोळीबार झाला, आणि शेवटचे विद्यार्थी पहाटे याच दगडाच्या पायऱ्यांवर होते. मेलेल्यांचा सर्वमान्य आकडा नाही. चीनमध्ये यावर उघड बोलता येत नाही. वर्गातून आलेला प्रश्न : "म्हणजे १९१९ च्या मुलांचं शिल्प, आणि त्याच्याच खाली बसलेल्यांचं नावही नाही?" मी हो म्हटलं.

७ डिसेंबर

सोलापूर, कोटणीसांचं स्मारक. त्यांची पुण्यतिथी सोमवारी, ९ ला, पण शाळा बुडवता येईना. एसटीने गेलो. मुलींना अर्धं तिकीट, मुलग्यांना पूर्ण, त्यावरून वाटभर कुरबूर. जाऊन-येऊन २,८८० रुपये, हे पालकांनी दिले.

स्मारकात शिरण्याआधी बाहेर फूटपाथवर कोटणीसांची वयाची शिडी केली. जन्म १० ऑक्टोबर १९१०, वूचांगच्या उठावाच्या बरोबर एक वर्ष आधी. ४ मे चळवळीच्या वेळी आठ वर्षांचे. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉच्या वेळी एकोणीसचे. सप्टेंबर १९३८ ला काँग्रेसच्या पाच डॉक्टरांच्या पथकातून बोटीने निघाले तेव्हा सत्तावीसचे. त्या पाचांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते, ते आमच्याकडे कोणी सांगत नाही. १९३९ ला कम्युनिस्टांच्या येनान या तळावर, पुढे जपानविरुद्धच्या आघाडीवर, कॅनडाच्या डॉ. बेथ्यूनच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख, को छिंगलान या परिचारिकेशी लग्न, मुलाचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, बत्तीसचे.

एकतीस मुलं एकदम आत नेली ही चूक. मागच्यांना काही दिसलं नाही, पुढच्यांना धक्के. दोन तुकड्या कराव्यात, दुसरीला तोवर बाहेर रसपान.

१४ डिसेंबर

शेवटचा तास. काम : त्या स्मारकावर नववं शिल्प कोरायचं असेल तर काय? गटात ठरवून कार्डशीटवर काढायचं.

एका गटाने १९७७ चं परीक्षाकेंद्र काढलं, बाहेर सायकली. एकाने वाटी. एकाने आई-मुलगी, त्या पाच नात्यांत नसलेली. चौथ्याने रणगाड्यांसमोर उभा माणूस. पाचव्याने तंबू, कंदील आणि शस्त्रक्रिया करणारे कोटणीस, त्यावरून भांडण पेटलं. "त्यांच्या स्मारकावर आपला माणूस कशाला?" "तो तिकडंच पुरलाय की." "मग यिनह्वा कुणाचा?" फौजी काकांचा मुलगा म्हणाला, शिल्प राहू दे, पण खाली नाव मराठीत लिहा. त्यावर आणखी दहा मिनिटं. अखेर शिपाईमामांनी किल्ल्या वाजवल्या, दारं लावायची होती.

हिशेब : फ्लेक्स ४८०, कार्डशीट १२०, झेरॉक्स १,१४०, हरभरे १५०, प्रवास २,८८०. एकूण ४,७७०. झेरॉक्समधले निम्मे पैसे न वाचलेल्या पानांवर गेले. नकाशे आणि नावांचा तक्ता स्टाफरूमच्या दुसऱ्या कपाटात आहेत. जूनमध्ये कोणाला वर्ग घ्यायचा असेल तर न्यावेत, कोरी पश्चिम बाजू मात्र कोरीच ठेवावी. फ्लेक्स उलटा करून मुलांनी स्नेहसंमेलनाच्या पडद्यामागे लावलाय, गळक्या खिडकीवर.